सुंगट्याचा डावा कान

सुंगट्याचा कोणता कान फाटलेला होता, तेच मला आठवेना.

चौदा वर्षं कुत्रा आमच्या पडवीत राहिला. रोज सकाळी माझ्या बशीतली अर्धी खारी त्याची. आणि आता कागद समोर, पेन्सिल हातात, डोक्याचा आकार काढून झालेला, आणि कानापाशी हात अडला. मोबाइल उघडला. लेकीनं सगळे फोटो एका ठिकाणी गोळा करून दिले होते, अकराशेच्या वर भरले. चाळत बसले. काही फोटोंत डावा कान फाटका, काहींत उजवा! क्षणभर भीतीच वाटली, म्हटलं निवृत्तीनंतर दोन वर्षांतच डोकं गेलं की काय. मग लक्षात आलं, उलटे दिसणारे सगळे फोटो सेल्फीचे होते. समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही फोन आरशासारखाच जपून ठेवतात. तीस वर्षं सातवीच्या पोरांना सपाट आरशातली डावी-उजवी अदलाबदल शिकवली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दहा मिनिटं गोंधळले.

पण सेल्फी कुठला आणि साधा कुठला, हेही आता कोण सांगणार? तेवढ्यात खालच्या घरातल्या काकी वाटीभर तिरफळं घेऊन आल्या. विचारलं त्यांना. वर न बघता म्हणाल्या, "डावो. आमच्या बोक्यान फाडललो. चवथीच्या आदल्या दिवशी."

काकींकडे फोटो एकही नाही. त्यांच्याकडे मोबाइल आहे तो फक्त मुंबईच्या मुलाचा फोन घेण्यासाठी.

आमचं घर वेंगुर्ल्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. समुद्र दिसत नाही, रात्री गाज ऐकू येते. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ येऊन गेलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोडलेल्या माडाच्या झावळ्या उचलताना खाली एक पिल्लू सापडलं. ओलंचिंब, पाठ वाकवून पडलेलं, अगदी सोललेल्या सुंगटासारखं. म्हणून सुंगट्या. पुढे तो चांगला काळाकभिन्न, छातीवर पांढरा पट्टा असलेला दांडगा गडी झाला, तरी नाव कोळंबीचंच राहिलं. चार वर्षांनी मांजर आलं. ते पेडव्यांच्या, त्या बारीक मासळीच्या, वासावर आलं आणि राहिलं, म्हणून पेडवी. आमच्या घरात जनावरांची नावं बाजारातल्या टोपलीतूनच येतात. नशीब, गाय पाळली नाही.

पेडवी 2021 च्या श्रावणात एका संध्याकाळी गडग्यावरून पलीकडे उतरली ती परत आली नाही. बिबट्या म्हणा, सर्प म्हणा, काहीही. सुंगट्या त्यानंतर दोन वर्षं होता. मूत्रपिंडं गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिनचा आकडा सांगितला, सलाईन लावलं आणि वयाकडे बोट दाखवलं. जुलैत गेला. रातांब्याच्या झाडाखाली खड्डा खणताना पाऊस असा, की ह्यांनी एक घमेलं माती काढावी आणि मी दोन तांबे पाणी उपसावं. खाली मीठ पसरलं, तेही बघता बघता विरघळलं.

महिन्याभरानं लेकीनं पुण्याहून जलरंगांची पेटी आणि जाड कागद पाठवले. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आमच्याकडे असं न बोलताच पाठवतात.

ऑगस्टात चित्र काढायला बसणं हा शुद्ध वेडेपणा होता, आणि मी विज्ञानाची बाई असून तो केला. जलरंगात थर वाळू द्यावा लागतो, मग दुसरा थर. कोकणातल्या पावसात पापड वाळत नाही, तिथे रंग काय वाळणार? पहिला थर ओला असतानाच दुसरा पडला, दोन्ही एकमेकांत शिरले आणि सुंगट्याच्या पाठीवर फ्लॉवर उगवला. कागद सुपासारखा वर आला. तो तसाच कपाटावर ठेवला, तर पंधरा दिवसांत त्यावर करड्या बुरशीचे ठिपके. ह्यांचं म्हणणं, "गोचीड जमल्येत बघ त्याच्या अंगावर." मी हसले, मग आत जाऊन रडले.

ऑक्टोबरात म्हाळ झाला. सासूबाई-सासऱ्यांच्या नावानं पानं वाढली. पंचबलीत कुत्र्याचं पान असतंच. दरवर्षी ते सुंगट्या खायचा, गोडाला नाक लावायचा नाही, वडे तेवढे उचलायचा. यंदा ते पान गडग्यापाशी ठेवलं आणि काकींच्या घरचं कुत्रं येऊन खीर चाटूनपुसून गेलं. ह्यांनी दुपारी कुणाला न सांगता दोन वडे रातांब्याखाली नेऊन ठेवले. मला माडीवरून दिसलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि मी पुन्हा बसले. या वेळी कागद आधी भिजवून, फळीवर चारही कडांना डिंकाची पट्टी लावून ताणून घेतला. वाळला की तो ढोलकीसारखा ताठ होतो, मग रंगाच्या पाण्यानं सुपासारखा वळत नाही. हे मी व्हिडिओ बघून शिकले. सावंतवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि जलरंगात नाव काढलेले सावळाराम हळदणकर 1882 साली तिथेच जन्मले. पण शेजारच्या गावातली विद्या मला पुण्याहून आलेल्या पेटीतून आणि परदेशी बाईच्या व्हिडिओतून मिळावी, याची थोडी लाज वाटली खरी.

काळ्या कुत्र्याला काळा रंग लावायचा नसतो, हा पहिला धडा. पेटीतला तयार काळा लावला आणि सुंगट्याचा डांबराचा ठिपका झाला. मग अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले. निळा जास्त घातला की थंड, पावसाळी काळा होतो, सिएना जास्त घातला की उन्हात बसलेला, किंचित तांबूस काळा. सुंगट्या सकाळी पहिल्या जातीचा असायचा आणि दुपारी दुसऱ्या. हे मला तो होता तेव्हा माहीत नव्हतं. मला तो फक्त 'काळा' होता.

दुसरा धडा पांढऱ्याचा. जलरंगात पांढरा लावत नाहीत, राखतात. छातीवरचा पट्टा, डोळ्यातली चमक, म्हातारपणी पिकलेल्या मिशा, हे सगळं म्हणजे कोरा कागद. आधी ठरवून तिथे जायचंच नाही. एकदा गेलात की गेलात. मी दोन कुत्रे आंधळे केले, एकाचा पट्टा घालवला. चौथ्या कागदावर जमलं.

आणि डोळे. डोळ्यांनी मला धरून ठेवलं. मी आपली तपकिरी लावून मोकळी होणार होते, पण फोटो मोठा करून बघितला तर बाहुलीवर निळसर साय. तारखा लावून फोटो बघत मागे गेले. 2023 मध्ये होती, 2021 मध्ये होती, 2019 च्या मे महिन्यातल्या एका फोटोतही होती, अगदी पुसट. वय झालेल्या कुत्र्यांच्या डोळ्यातलं भिंग मध्यभागी घट्ट होत जातं आणि असं निळसर दिसतं. तो मोतीबिंदू नव्हे, दिसायचं बंद होत नाही. पण अंधुक उजेडात, अगदी जवळचं दिसायला त्रास होत असावा. त्याच सुमारास तो संध्याकाळी पडवीच्या पायरीवर उगाच थांबायला लागला होता, आणि मी म्हणायचे, "आळशी झालायस मेल्या." चार वर्षं म्हणत होते. तिथे दिवा लावायला वीस रुपयांची वायर लागली असती.

त्या दिवशी पुढे काही रंगवलं नाही. पायरीवर दिवा मात्र लावला. कुणासाठी ते विचारू नका.

पाय राहिले होते. सुंगट्याचे चारही पाय घोट्यापर्यंत बारमाही लाल. जांभ्याच्या गावात दुसरं काय होणार. धुतले तरी तासाभरात तसेच. पेटीतली सिएना लावून बघितली, बरी दिसत होती, पण ती आमची नव्हती. मग डोक्यात आलं: सिएना म्हणजे तरी काय, इटलीतल्या त्या नावाच्या गावची माती भाजून केलेली. तिचा लाल म्हणजे लोखंडाचा गंज, आणि आमच्या जांभ्याचा लालही तोच. मग आमची माती काय वाईट?

रातांब्याखालची ओंजळभर माती आणली. खलात कुटली, जुन्या पंचातून गाळली, पाण्यात ढवळली. खडे आणि वाळू लगेच तळाला बसतात, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतायचं. असं तीनदा. शेवटच्या वाटीत रात्रभरात जो गाळ बसला तो बोटांना लोण्यासारखा लागत होता. तो सावलीत वाळवला. जलरंगात रंगाला धरून ठेवणारा असतो तो डिंक, बाभळीच्या जातीच्या झाडाचाच. तो वाण्याकडे मिळाला. डिंकाचं पाणी, मधाचा एक थेंब, वाळून तडकू नये म्हणून, आणि तो गाळ. काचेच्या तुकड्यावर बाटलीच्या बुडानं अर्धा तास घोटलं.

पायांना तोच रंग आहे. जवळून बघितलं तर किंचित खरखरीत दिसतो, कारण मला पुरतं घोटता आलं नाही. असू दे.

पेडवीचं चित्र मात्र होईना. ती एका जागी बसलीच नाही कधी. फोटोंत बहुतेक शेपूट, नाहीतर धूसर पट्टा. आणि चित्रापेक्षा तिची मला दुसरीच ओढ होती. ती थंडीत पायांशी झोपायची, तिचं वजन मला हवं होतं. वजन रंगवता येत नाही. म्हणून गोधडी.

इथेही सुरुवात चुकीची. गोल फिरणारं कापणीचं पातं, खाली अंथरायची रेघांची चटई, पारदर्शक पट्टी, असं सगळं मागवलं आणि चौकोन कापायला बसले. तिसऱ्या चौकोनाला डाव्या तर्जनीचं टोक गेलं. पांढऱ्या कापडावर रक्त. मी गरम पाण्याकडे धावले, काकींनी हात धरला. रक्ताला थंडच पाणी, गरमानं डाग शिजतो. अंड्याचा पांढरा शिजतो तसा, हे मला माहीत असायला हवं होतं. प्रथिनं नववीला होती.

पट्टी लावलेलं बोट वर धरून मी बसलेली, आणि काकी माझ्या चौकोनांच्या चळतीकडे बघत म्हणाल्या, "बाईनू, ही गोधडी काय नकाशो?"

मग त्यांनी शिकवलं. जमीन सारवलेली नाही म्हणून नाराज होऊन, लादीवर. खाली सासूबाईंचं नऊवारी. सात-आठ मीटरचं ते सुती लुगडं धुऊन धुऊन असं झालेलं, की हातात घेतलं तर कापड आहे की साय ते कळू नये. मध्ये जुन्या चादरी. वरून तुकडे. चार कोपऱ्यांवर चार नारळ, मध्ये पाटा, सुरकुत्या हातानं बाहेर लोटायच्या. लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकमेकांना बांधून घ्यायचं. मग धावदोरा, "कडेसून सुरू करूचा, मधी संपवूचा." कडेनं चौकोन फिरत फिरत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही. मधल्या बोटाला शिंप्याची धातूची टोपी, नाहीतर सुईचं बूड बोटात शिरतं. असाच बाहेरून आत येणारा टाका मी पूर्वी गोव्यात एका प्रदर्शनात बघितला होता, कर्नाटकात उत्तर कन्नडातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी, समाजातल्या बायकांच्या कवंदीवर. कवंदी म्हणजे त्यांची गोधडी. त्यांच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली फुलं असतात. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "मगे तुमीय घाला." म्हणजे तुम्हीही घाला. घातली.

तुकडे कोणते, हा प्रश्नच नव्हता. पेडवी तिरंगी होती. केशरी, काळी, पांढरी. केशरीला माझी शाळेतली साउथ कॉटन, काळ्याला संक्रांतीची विरलेली चंद्रकळा, पांढऱ्याला ह्यांचे पंचे. तिरंगी मांजर बहुधा मादीच असते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कारण कमी जणांना माहीत असेल. केशरी की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं. मादीत एक्स दोन. गर्भात अगदी सुरुवातीला प्रत्येक पेशी दोनातलं एक बंद करून टाकते, कुठलं ते नशिबावर, आणि तिच्या पुढच्या सगळ्या लेकीबाळी तेच बंद ठेवतात. म्हणून इथे केशरी ठिगळ, तिथे काळं. 1961 साली मेरी लायन या बाईंनी उंदरांवरून हे मांडलं. पांढऱ्याचा हिशेब वेगळा, त्याचं जनुकच दुसरं. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तिरंगी बोका क्वचितच ऐकायला मिळतो. हे सगळं मी काकींना टाके घालता घालता सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे देवान तिची गोधडीच शिवलली." तीस वर्षांत एकाही पोरानं इतकं नेमकं उत्तर लिहिलं नव्हतं.

चार महिने लागले. दुपारची भांडी झाली की दीड-दोन तास. काकी समोर, मी अलीकडे, मध्ये गोधडी. हिवाळा संपून फणसाला कुवऱ्या धरल्या.

फेब्रुवारीतली एक दुपार. हिरव्या लुगड्याचा एक थर आत होता. त्याच लुगड्यावर, कपाटाच्या खालच्या खणात, पेडवी पहिल्यांदा व्यायली होती. मी ते काढून टाकलं नव्हतं, धुऊन ठेवलं होतं. त्याच्या पदराच्या काठाशी सुई अडली. ढकलली, जाईना. बोटानं चाचपलं, काहीतरी टोकदार. चष्मा लावून, कच्चा टाका उसवून बघितलं. विणीत रुतलेली अर्धचंद्रासारखी एक पातळ, पारदर्शक साल. एका बाजूला सुईसारखं टोक, दुसऱ्या बाजूला पोकळ. मांजराचं नख थरांचं असतं, वरचं टरफल जुनं झालं की निघून पडतं आणि खालून नवं धारदार येतं. तिनं त्या रात्री कळा देताना पदर धरला असणार.

तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठं. तळहातावर घेतलं तर वजनच नाही. किती वेळ घेऊन बसले कुणास ठाऊक. काकींची सुई चालू होती. मग त्यांनी चिमट्यात धरून ते उजेडाला बघितलं, परत माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ठेवा. पोटात घालूया."

त्यांच्या घरी गोधडी संपवताना मधल्या शेवटच्या तुकड्याखाली तांदळाचे पाच दाणे घालतात, गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून. मी आधीपासून कुरकुरत होते, दाण्याला पोरकिडे लागतील, उंदीर येतील. आता बोलले नाही. पाच दाणे आणि ते टरफल, वर केशरी तुकडा, चारी बाजूंनी बारीक टाका.

सुंगट्याची चादरही आत आहे. ती धुवायची की नाही यावरून घरात दोन दिवस अबोला होता. ह्यांचं म्हणणं, वास जाईल. काकींचं म्हणणं, न धुता शिवाल तर कीड लागेल. शेवटी काकींचं ऐकलं. दोनदा धुऊन, उन्हात वाळवून झाल्यावरही विणीत काळे केस अडकलेले होतेच. ते काही काढले नाहीत.

मे महिन्यात गोधडी गडग्यावर ऊन दाखवायला घातली होती. बाजूला वेखंडाच्या कांड्या, पावसाळ्यात घडीत ठेवायला. काकी आल्या, गोधडीवरून हात फिरवला, ओळी कुठे वाकड्या गेल्यात ते दाखवलं. सगळ्या माझ्या बाजूच्या. मग आत येऊन सुंगट्याच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ. मला वाटलं पुन्हा कानाबद्दल काही निघतंय.

"बाईनू, आमच्या सर्ज्याचा एक चित्र काढून देशात?"

सर्ज्या म्हणजे त्यांचा बैल. मी लग्न होऊन या गावात आले त्याच्या आधी कधीतरी गेलेला. मी पाहिलेलाही नाही.

"फोटो आहे का?"

"फोटो खयचो? मी सांगतंय मां."

मी कागद फळीवर लावला, पेन्सिलीला टोक केलं. काकी पाट ओढून समोर बसल्या, डोळे मिटले, आणि उजव्या हाताचं बोट हवेत धरलं.

"आधी शिंगा. उजवा सरळ वर. डावा वायच खाली, हय वाकलला. नाय नाय, इतक्या नाय. पुसा ता."

मी पुसलं.